चौदा घरं आणि एक विहीर: उपसा चाचणीचा आमचा अनुभव

कोरेगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित पावणेदोन एकर जमीन आहे. तिथे चौदा बैठी घरं बांधायची, तीन घरच्यांना ठेवून बाकीची विकायची, असं २०२३ च्या दिवाळीत सगळ्यांनी मिळून ठरवलं. मोजणी, बिनशेती, रेखांकन या कामांची धास्ती होती, पाण्याची अजिबात नव्हती. शेतात आजेसासऱ्यांनी खोदलेली वीस फूट व्यासाची, पंचेचाळीस फूट खोल विहीर आहे. ‘बहात्तरच्या दुष्काळातही ती आटली नाही’ हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. ते खरंही आहे. पण विहीर आटली नाही म्हणजे ती चौदा घरांना रोज पुरेल असं होत नाही, आणि ती किती घरांना पुरेल हे कागदावर यायला बराच काळ गेला. कुणी या वाटेने निघालं असेल तर उपयोग होईल म्हणून झालं तसं लिहिते.

जानेवारी २०२४ मध्ये ग्रामपंचायतीपासून सुरुवात झाली. रेखांकनाच्या फाईलला पाण्याच्या स्रोताचा कागद लागेल असं आर्किटेक्टने सांगितलं होतं. ग्रामसेवकांनी आडपडदा ठेवला नाही. “मॅडम, जलजीवनची योजना माणशी ५५ लिटरने, गावच्या लोकसंख्येवर बसवलीय. तुमची चौदा घरं त्यात धरलेलीच नाहीत.” हा नकार आम्ही लेखी मागून घेतला. तुम्हीही घ्या. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न ‘ग्रामपंचायतीचं पाणी का घेत नाही?’ हाच होता आणि तो कागद पुढे सरकवला की विषय संपायचा.

मग साताऱ्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गेलो. ही यंत्रणा त्याच दुष्काळाच्या सुमारास उभी राहिली, हे तिथेच कळलं. त्यांच्या निरीक्षण विहिरी असतात आणि त्यांची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजली जाते. आमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीच्या मागच्या वर्षांच्या मे महिन्यातल्या पातळ्या आम्ही मागितल्या. पाणलोट सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित, हेही तिथेच विचारून घ्यायचं. अतिशोषित असेल तर पुढचा खर्च करण्याआधी शंभरदा विचार करावा लागतो.

विहीर उपसून ती किती वेगाने परत भरते ते मोजायचं, ही उपसा चाचणी. ती आणि तिचा अहवाल यासाठी एक निवृत्त भूवैज्ञानिक मिळाले. फी अठरा हजार. विहीर किती खोल, मोटर किती हॉर्सपॉवरची, याची उत्तरं थोरल्या दिरांनी तयार ठेवली होती. या भूवैज्ञानिक साहेबांनी विचारलं, “सातबाऱ्याच्या इतर हक्कात विहिरीबद्दल काय लिहिलंय?”

तिथे चुलत दिरांचा चार आणे हिस्सा लिहिलेला होता. ते आजही पाळीने पाणी घेऊन पंधरा गुंठे आलं भिजवतात. वाद नव्हता, पण विहीर बारा महिने घरांना द्यायची तर पाळी चालणार नव्हती. “तुला तुझ्या रानात बोअर पाडून देतो,” असा तोडगा दिरांनी काढला. साहेब हसले. म्हणाले, “पाणी तेच. तुम्ही फक्त दुसऱ्या भोकातून काढणार.” शिवाय गावची पिण्याची विहीर आमच्यापासून चारशे मीटरवर आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या पाचशे मीटरच्या आत नव्या विहिरीवर १९९३ च्या कायद्यापासूनच बंधन आहे, आणि २००९ च्या भूजल कायद्यातही अशा स्रोतांना संरक्षण आहे. शेवटी चुलत दिरांना एक प्लॉट निम्म्या दरात द्यायचा आणि त्यांनी विहिरीतला हिस्सा सोडायचा असं ठरलं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागेल असं आम्हाला वाटत होतं. वकील म्हणाले, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं. त्यात आणि फेरफार होण्यात मार्च संपला. खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त ताण याच महिन्यात आला. पाणी मोजता येतं, भाऊबंदकीचं तसं नसतं.

या काळात गरजेचा हिशोब मांडून झाला. चौदा घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ९,४५० लिटर. त्यावर गळती आणि पाहुणेरावळे धरून पंधरा टक्के. गोळाबेरीज ११,००० लिटर. १३५ हा शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी आकडा आहे. गावच्या योजनेचे ५५ धरले असते तर कागदावर सगळं आरामात बसलं असतं. पण घरं घेणारे साताऱ्या-पुण्याहून येणार, वॉशिंग मशीन आणि फ्लशसकट. साहेबांनी ५५ चं नावही काढू दिलं नाही.

एप्रिलमध्ये विहिरीचा गाळ काढला. यारी लावली, माणसं लावली, अडतीस हजार गेले. तळाला चार फूट गाळ निघाला. त्यात मोटेचं लोखंडी कडं, दोन फुटकी घमेली आणि कुणाच्या तरी लहानपणीची पाटी. गाळ न काढता चाचणी केली तर तळाचे झरे बुजलेलेच राहतात आणि आकडा खोटा येतो. गाळ निघाल्यावर साहेब यारीच्या पाळण्यात बसून स्वतः खाली उतरले. उतरण्याआधी कंदील सोडून हवा तपासली. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसायचं नाही, धुराने माणसं गेलेली आहेत, असं त्यांनी गड्यांना दोनदा बजावलं. खाली त्यांनी खडूने खुणा केल्या. वरचा मुरूम संपून मांजऱ्या खडक लागतो तिथे पश्चिमेच्या अंगाला मुख्य झरा, आणि तळाजवळ काळ्या पाषाणाच्या भेगेतून एक बारीक. बाकी विहीर कोरडी भिंत. इतकी वर्षं आम्ही काठावरून डोकावत होतो, पाणी नेमकं कुठून येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चाचणी मेच्या उत्तरार्धातच करायची असं साहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ऑक्टोबरात केलेली चाचणी म्हणजे नुसती मनाची समजूत. २०२३ चा पावसाळा कमी झाला होता, राज्यातल्या चाळीस तालुक्यांत सरकारने दुष्काळ जाहीर केला होता, त्यामुळे मे २०२४ विहिरीची परीक्षा घ्यायला अगदी योग्य होता. अडचण निवडणुकीची. पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक हवेत आणि दोघंही निवडणुकीच्या कामात. साताऱ्याचं मतदान ७ मे रोजी झालं, तरी माणसं मोकळी व्हायला वेळ लागला. २३ ला बुद्ध पौर्णिमेची सुट्टी. अखेर शुक्रवार, २४ मे ठरला.

दुसरी अडचण विजेची. शेतीची थ्री फेज पाळीपाळीने येते आणि त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रपाळी होती. उपसा मध्येच थांबला तर चाचणी वाया. पंधरा केव्हीएचा जनरेटर भाड्याने आणला, डिझेल धरून साडेसहा हजार. तिसरी अडचण शेजाऱ्यांची. अक्षय्य तृतीयेनंतर सगळीकडे आल्याची लागण सुरू होती आणि प्रत्येकाची मोटर चालू. सगळ्यात जवळच्या बागायतदाराला आम्ही सांगितलं, तू तीन दिवस मोटर बंद ठेव, आमचं उपसलेलं सगळं पाणी तुझ्या खालच्या रानात सोडतो. तो लगेच तयार झाला. त्याचं ते रान ओढ्याच्या खालच्या अंगाला, दोनशे मीटरवर होतं, म्हणून साहेबांनी परवानगी दिली. उपसलेलं पाणी विहिरीजवळच सोडलं तर तेच झिरपून परत आत येतं.

शुक्रवारी सकाळी कठड्यावर लाल रंगाने एक खूण केली आणि सगळी मापं तिथूनच घ्यायची असं ठरलं. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या दोन हातांना खडू फासायचा, टेप आत सोडायची आणि वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. इतकं साधं काम, पण सेंटिमीटरसुद्धा चुकत नाही. उपशाआधी पाणी ९.१० मीटरवर होतं. म्हणजे तळापर्यंत ४.४० मीटर पाणी उभं. विहिरीच्या व्यासाचा वर्ग करून ०.७८५ ने गुणलं की तोंडाचं क्षेत्रफळ येतं. सहा मीटर व्यासाला सव्वाअठ्ठावीस चौरस मीटर. त्यामुळे आमच्या विहिरीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे २८३ लिटर. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता, पुढचे तीन दिवस तोच लागला.

दिरांनी तोंडी हिशोब केला. “वहिनी, सव्वा लाख लिटर उभं पाणी आहे. आता काय मोजायचं राहिलं?”

साहेब म्हणाले, “ही तुमची बँकेतली शिल्लक झाली. मला पगार बघायचाय.”

बरोबर आठला पाच हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली. पाइपच्या तोंडाशी दोनशे लिटरचं बॅरल धरायचं आणि मोबाइलवर वेळ लावायची: पंचवीस सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला आठ लिटर. पाणी खाली जाईल तसं बॅरल भरायला वेळ लागायला लागला की व्हॉल्व्ह थोडा उघडून पुन्हा पंचवीस सेकंदांवर आणायचा. पातळी सुरुवातीला दर पाच मिनिटांनी, मग दहा, मग अर्ध्या तासाने. अकराला मोटर बंद केली तेव्हा पाणी १२.१० मीटरवर गेलं होतं. तीन तासांत तीन मीटर. बाहेर काढलं ८६,४०० लिटर आणि विहिरीतली पातळी उतरली तीही जवळपास तेवढ्याच पाण्याने. म्हणजे त्या तीन तासांत झऱ्यांनी भर घातली दीड हजार लिटरच्या आसपासच. तलाठ्यांनी पंचनामा लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, चहा झाला.

बाराला टेप सोडली. पाणी तीन सेंटिमीटर चढलं होतं. साडेआठशे लिटर. दीर काही बोलले नाहीत, त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली, पुन्हा खडू लावला आणि स्वतः सोडून बघितली. तीनच.

साहेब संध्याकाळी घरी गेले. नोंदी माझ्याकडे आणि पुतण्याकडे. दिवसा दर तासाला, रात्री दर दोन तासांनी. रात्री दहाला आणि बाराला माप घेतलं तर खडूची ओली रेघ अगदी त्याच जागी. आम्हाला वाटलं टेप अडकली. पुतण्या बॅटरी घेऊन बांधावर गेला आणि थोडा वेळ ऐकत उभा राहिला. ओढ्याच्या पलीकडे बोअर चालू होती. दहाला थ्री फेज आली होती आणि ज्याच्याशी आम्ही बोललोच नव्हतो त्याने मोटर टाकली होती. सकाळी साहेबांना फोन केला तर ते खूश. “वेळ लिहून ठेवा. त्या बोअरचं आणि तुमच्या विहिरीचं नातं आहे हे आपोआप सिद्ध झालं.” ती नोंद अहवालात वेगळ्या परिच्छेदात आली.

पहिल्या चोवीस तासांत पाणी ६७ सेंटिमीटर चढलं, दुसऱ्या दिवशी ५२, तिसऱ्या दिवशी ४०. लिटरमध्ये जवळपास १८,९००, मग १४,७००, मग ११,३००. पहिला आकडा बघून घरात पेढे वाटायचं चाललं होतं. पण विहीर रिकामी असते तेव्हा झऱ्याचं पाणी जोरात आत येतं आणि भरत जाईल तसं मंदावतं. रोज तळ गाठेपर्यंत उपसून विहीर चालवता येत नाही, म्हणून पहिल्या दिवसाच्या आकड्यावर घरं विकायची नसतात. साहेबांनी स्लिक्टरचं सूत्र लावून विहिरीची क्षमता काढली, पातळी निम्म्याच्या आसपास ठेवून किती पाणी मिळेल ते पाहिलं, ओढ्यापलीकडच्या बोअरसाठी थोडं वजा केलं आणि लिहिलं: ऐन उन्हाळ्यात रोज १०,००० लिटर, त्याहून जास्त नाही.

आमची गरज ११,०००. हजार लिटरने अडलो.

पुढचे काही दिवस घरात जे झालं ते सगळं लिहित नाही. माणशी १२० धरा, कोण मोजायला येतंय, इथपासून उन्हाळ्यात टँकर मागवू, इथपर्यंत सगळं बोलून झालं. पुण्याच्या आसपासच्या सोसायट्या टँकरवर किती खर्च करतात हे माझ्या भावजयीने फोनवर सांगितलं तेव्हा तो विषय थांबला. शेवटी घरं बारा करायची ठरलं. बारा घरांची गरज पंधरा टक्के वाढीसकट ९,३१५ लिटर, म्हणजे दहा हजारांच्या आत. कोणते दोन प्लॉट सोडायचे हा प्रश्न त्यामानाने सोपा गेला. सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं, आणि विहिरीला लागून असलेले दोन प्लॉट त्यात तसेही ओढूनताणून बसवले होते. ते मोकळे ठेवले. पैशाचं नुकसान मोठं आहे, ते नाकारत नाही.

पाण्याच्या तपासणीचं वेगळंच. नमुना शुक्रवारीच देणार होतो, पण प्रयोगशाळेने जिवाणू तपासणीचा नमुना शनिवार-रविवारच्या तोंडावर घ्यायला नकार दिला. म्हणून सोमवारी, २७ मे रोजी, बहात्तर तासांची नोंद संपल्यावर मोटर पुन्हा अर्धा तास चालवून नमुना घेतला. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते. ती आतून विसळायची नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रासायनिक तपासणीचा दोन लिटरचा कॅन मात्र त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यायचा. एनएबीएल मान्यतेच्या खाजगी प्रयोगशाळेत साडेतीन हजार लागले. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ७८० मिलिग्रॅम, कठीणपणा ४१०. दोन्ही इष्ट मर्यादेच्या वर, पण पर्यायी स्रोत नसेल तर चालणाऱ्या मर्यादेत. कोलिफॉर्म जिवाणू सापडले, उघड्या विहिरीत सापडतातच. नायट्रेट ४१. पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा ४५ आहे आणि तिला सूट नाही.

४१ म्हणजे पास, असं समजून मी फाईल बंद करणार होते. साहेबांनी पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायला लावलं. ऑक्टोबरमध्ये तेच नायट्रेट ४९ आलं. आजूबाजूच्या आल्याच्या रानांतलं खत पावसाबरोबर खाली उतरलं होतं. नायट्रेट उकळून जात नाही, टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) जात नाही, आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका जास्त. त्यामुळे वापरायचं पाणी विहिरीचं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी सामाईक टाकीशेजारी एक छोटा आरओ, अशी रचना करावी लागली. कोलिफॉर्मसाठी कठडा उंच केला, वर जाळी बसवली, सभोवार सिमेंटचा ओटा केला आणि टीसीएल सुरू केलं. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे लाख लिटरला पाव किलो. त्यानंतरच्या तपासणीत कोलिफॉर्म नव्हते.

कार्यालयांचं थोडक्यात सांगते. अहवाल, पंचनामा, पाण्याच्या मेमधल्या जिवाणू आणि रासायनिक तपासण्या, हक्कसोडपत्र आणि ग्रामपंचायतीचा नकार, असा गठ्ठा जुलैमध्ये दिला होता. घरं बारा झाल्याने सुधारित नकाशा जोडावा लागला. एका कार्यालयात आमची फाईल दुसऱ्याच गटाच्या फाईलला टाचलेली सापडली, तोवर दोन महिने गेले होते. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर पोच आणि शिक्का घेतलेला असल्यामुळे नव्याने काही करावं लागलं नाही. शेतीची वीजजोडणी घरांच्या पाण्यासाठी वापरता येत नाही, वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंड बसतो, त्यामुळे महावितरणकडे मोटरसाठी वेगळा मीटर मागितला. भूजल उपशाच्या केंद्रीय परवानगीबद्दलही विचारून घ्या. एकट्या घराला त्यातून सूट आहे, गृहसंकुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमचा प्रकल्प कशात मोडतो ते सल्लागाराकडून लेखी घ्या.

रेखांकनाची मंजुरी फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. त्यात छतावरच्या पाण्याचं पुनर्भरण करायचं आणि विहिरीचं पाणी बागेला वापरायचं नाही, अशा अटी आहेत. मोटरच्या पाइपवर आम्ही फ्लो मीटर बसवून घेतला आहे. विहिरीच्या चाचणीचा आणि तपासण्यांचा खर्च, गाळ धरून, लाखाच्या आत राहिला. हक्कसोडपत्राचा आणि सोडलेल्या दोन प्लॉटांचा हिशोब यात नाही.

पुतण्या अजून महिन्याच्या एक तारखेला खडू आणि टेप घेऊन जातो. २०२५ च्या मेमध्ये तुलनेसाठी छोटी चाचणी करायचा विचार होता, पण तो मे भलताच निघाला. महिनाभर अवकाळी, आणि २६ मे रोजी तर मान्सून मुंबईत. पातळी वर आलेली होती, पण त्या आकड्याला अर्थ नव्हता. वहीत त्या ओळीपुढे त्याने ‘पाऊस’ एवढंच लिहिलं आहे. म्हणून तुम्ही चाचणी ठरवत असाल तर आमच्यासारखी मेच्या उत्तरार्धाची वाट न बघता पहिल्या पंधरवड्यातली तारीख धरा आणि जनरेटरवाल्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवा. लग्नसराईत तो सापडत नाही.